एकाच बाटलीतले तीन आकडे

बाळंतपणाच्या रजेवरून परत आले, त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझा आकडा खोटा आहे. निदान दिसत तरी तसंच होतं.

आकडा साडेसहा हजारांचा. रजेवर जाण्याआधी मोजलेल्या शेवटच्या फिल्मचा. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पॉलिमरच्या पातळ, पिवळ्या फिल्म बनवतो आणि त्यांच्यातून कुठला वायू किती वेगाने जातो ते मोजतो. सडलेल्या कचऱ्यापासून जो गॅस निघतो त्यात जाळायच्या कामाचा मिथेन असतो आणि बिनकामाचा कार्बन डायऑक्साइड. चांगली फिल्म कार्बन डायऑक्साइडला झटकन वाट देते आणि मिथेनला दारातच ताटकळत ठेवते. आकडा जितका मोठा, तितकी वाट मोकळी. माझ्या फिल्मने कार्बन डायऑक्साइडला साडेसहा हजार दिले होते आणि मिथेनला त्याचा बारावा हिस्सा. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, खूश झाल्या. आकडा अहवालात गेला, अहवाल गॅस प्लांटवाल्यांकडे गेला आणि मी घरी गेले. सात महिने.

आता तीच बाटली, तेच पांढरं झाकण, झाकणावर माझंच अक्षर. तेवढंच पॉलिमर, तेवढंच द्रावण, तीच काच, तोच ओव्हन. नवी फिल्म काढली, लावली. आकडा आला अडीच हजार.

पहिल्यांदा वाटलं, बसवताना चुकलं. फिल्म ज्या स्टीलच्या डबीत आवळून बसवतात तिला आम्ही सेल म्हणतो. तो उघडला, रबरी रिंग बदलली, पुन्हा आवळला. फिल्मची जाडी पाच ठिकाणी मोजली. पुन्हा मोजलं तर दोन हजार चारशे ऐंशी. म्हणजे यंत्र सरळ होतं. मग मी रजेआधीच्या त्या फिल्मचा उरलेला तुकडा शोधला. कपाटात, कागदाच्या पाकिटात, वर तारीख. तो लावला. सोळाशे.

एका बाटलीतून तीन आकडे. साडेसहा हजार, अडीच हजार, सोळाशे. मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिले, जसं तीन सारख्या मुलांकडे बघून आपलं कुठलं ते कळू नये.

एक गोष्ट मात्र मला सरळ दिसत होती आणि तिनेच मी जास्त गोंधळत होते. जुन्या फिल्मला भोक असतं, तर दोन्ही वायू सारखेच धो धो गेले असते. भोकाला कसली निवड? पण तिने मिथेनला बाराव्या हिश्शावर रोखलं होतं. म्हणजे भोक नव्हतं. भोक नव्हतं तर साडेसहा हजार खरे. आणि साडेसहा हजार खरे तर हे अडीच हजार कुणाचे?

मी मॅडमकडे गेले. लपवण्यात अर्थ नव्हता, पुढच्या गुरुवारी प्लांटवाले येणार होते.

मॅडमनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माझी जुनी वही मागवली. पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "मंगळवारी लिहिलंयस, फिल्म कापली, उद्या लावणे. लावलीयस गुरुवारी. बुधवारी काय केलंस?"

मला बुधवार आठवेना. मंगळवार आठवत होता, कंबर मोडून आली होती म्हणून. गुरुवार आठवत होता, आकडा आला म्हणून. मधल्या जागी काहीच नाही.

"बुधवारी मी इथेच असेन," मी म्हणाले.

"असशील म्हणजे?"

"म्हणजे असणार. रजा तर पुढच्या आठवड्यात सुरू झाली."

मॅडमनी वही मिटली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ. आठवा महिना होता. त्या अवस्थेत होतं असं. दाब चुकीचा टिपला असशील, यंत्राचं शून्य सरकलं असेल. तुला कुणी काही म्हणणार नाही. मी अहवालात एक ओळ घालते, की हे मापन विश्वसनीय नाही, मोजणाऱ्याच्या प्रकृतीमुळे पुन्हा तपासता आलं नाही. विषय संपला."

"गुरुवारपर्यंत थांबाल?"

"बुधवार संध्याकाळपर्यंत. ओळ टाइप करायला वेळ लागत नाही, पण छापायला लागतो."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. माफ करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? आणि ती ओळ एकदा माझ्या नावाखाली बसली की यापुढे मी मोजेन त्या प्रत्येक आकड्याकडे लोक आधी माझ्या तोंडाकडे बघून मग बघणार. खरं म्हणजे मला त्याहून मोठी भीती वेगळीच होती. मॅडमचं बरोबर असेल तर? रजेवरून आल्यापासून मी घरातून निघताना शेगडीचं बटण तीनदा बघते. तिसऱ्यांदा बघितलं की पहिल्यांदा बघितलं होतं का, तेच आठवत नाही.

घरी सासूबाई आमच्या ठकीला मांडीवर घेऊन केळं भरवत होत्या. ठकी म्हणजे माझी सहा महिन्यांची लेक. तिने माझ्याकडे बघितलं, ओळख पटल्यासारखं केलं आणि पुन्हा चमच्याकडे वळली.

"तोंड का उतरलंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, बाळंतपणात माणूस विसरभोळं होतं का हो?"

"मला विचारशील तर डोकं वर्षभर परत येत नाही. माझं तर अजून यायचंय." त्यांनी चमचा पुसला. "पण ते काय विसरायचं यावर असतं. यांच्या बहिणीने मला काय काय ऐकवलं, त्यातलं एक अक्षर नाही विसरले."

नवरा आला तेव्हा मी त्याला समजावायला बसले. कुणाला समजावलं की आपल्याला कळतं, असं कॉलेजात म्हणायचे. कपाटातले रिकामे हँगर काढून एका खोक्यात टाकले. "हे बघ. साधं प्लॅस्टिक म्हणजे दोरीचा गुंता. दाबलं की बसतं. माझं पॉलिमर म्हणजे हे हँगर. कडक आणि वाकडे. एकात एक बसत नाहीत, मधे फटी राहतात. त्या फटीतून वायू जातो. बारीक असतो तो पटकन, जाडा असतो तो अडकत अडकत."

"म्हणजे चांगलंच आहे की."

"चांगलं आहे. पण हँगरही हळूहळू बसतात. महिनोन्‌महिने. फटी लहान होतात. म्हणून तो जुना तुकडा सोळाशेवर आला, आणि मिथेनला तर त्याने विसाव्या हिश्शावर आणलं. फट लहान झाली की जाड्याचे हाल जास्त. सोळाशेचं मला कळतं. पण नवी फिल्म साडेसहावर का जात नाही?"

तो खोकं हलवत होता. "हलवलं की जागा होते की कमी होते?"

"कमी. म्हणजे... कशी हलवतोस त्यावर."

"मग तू त्या वेळी वेगळी हलवली असशील."

"मी हलवत नाही काही. मी ओतते, वाळवते आणि कापते."

"सात महिन्यांपूर्वी तू पण वेगळीच होतीस," तो म्हणाला. "दारातून आडवी जायचीस." मी हसले नाही, तेव्हा त्याने हँगर गुपचूप परत कपाटात लावले.

शनिवारी ठकीची लस होती. दवाखान्यातल्या बाकावर आमच्या आधी नऊ जण. ठकी सासूबाईंच्या खांद्यावर, फाइल माझ्या मांडीवर. हात रिकामे राहिले की मी काहीतरी वाचत सुटते. फाइलच्या मागे माझेच जुने कागद टोचलेले होते. सोनोग्राफीचा एक कागद मी उलटा सुलटा करून बघितला. ठकीचं डोकं वरच्या बाजूला आहे, फिरलं नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टर ज्या दिवशी म्हणाल्या तो दिवस. ती गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली असेल आणि दर वेळी शनिवार म्हणून सांगितली होती. कारण नवरा बरोबर होता आणि त्याला शनिवारीच सुट्टी असते.

कागदावर तारखेचा शिक्का होता. मी मोबाइलमध्ये ते वर्ष, तो महिना काढला. बुधवार. वहीतल्या त्या मंगळवार-गुरुवारच्या मधला.

"आई, डोकं वर आहे म्हणाले तेव्हा आपण कधी आलो होतो?"

"बुधवारी. तुझा नवरा अर्धी रजा टाकून आला, नि आख्खा दिवस घाबरून बसला. का?"

म्हणजे बुधवारी मी प्रयोगशाळेत नव्हतेच. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी नव्हते, मग फिल्म होती कुठे? मंगळवारी संध्याकाळी कापून ठेवलेली चकती गुरुवारी सकाळी सेलजवळ कोरड्या काचेवर तयार ठेवलेली होती, हे मला आता दिसायला लागलं होतं. आणि मी विचारलंही नव्हतं की ही इथे कुणी ठेवली. तिथे न विचारता वस्तू जागेवर ठेवणारा माणूस एकच होता.

चिमटेकाका. खरं आडनाव काहीतरी वेगळं आहे, पण तीस वर्षं खिशात पेनाच्या जागी चिमटा लावून फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? आमचे तंत्रज्ञ. माझ्या रजेत त्यांना मागच्या इमारतीत काचसामानाच्या भांडारात हलवलं होतं. सोमवारी मी तिथे गेले तेव्हा ते चंचुपात्रं उजेडाला धरून तडे बघत होते.

"या," म्हणाले. "पोरगी कशी आहे? रात्री झोपू देते का?"

"देते. काका, मी रजेवर जायच्या आधीची शेवटची फिल्म. मी बुधवारी नव्हते. तिचं तुम्ही काही केलं होतं का?"

"केलं कसलं. धुतली."

"कशात?"

"मिथेनॉलमध्ये. दुसऱ्या कशात धुतात?" त्यांनी एक पात्र बाजूला काढलं. "तुमच्या बोटाचा डाग होता तिच्यावर. तेव्हा तुम्ही हाताला कसलंसं मलम लावायच्या ना, खाज सुटायची म्हणून. हा एवढा अंगठा उमटला होता. मंगळवारी संध्याकाळी टाकली, बुधवारी संध्याकाळी काढली, रात्रभर व्हॅक्यूममध्ये वाळवली. लख्ख झाली."

मी तिथल्याच खोक्यावर बसले. चोवीस तास मिथेनॉलमध्ये, म्हणजे उडून जाणाऱ्या स्पिरिटमध्ये. फिल्म फुगली असणार, हँगर एकमेकांपासून दूर झाले असणार, आणि मिथेनॉल उडून गेल्यावर तसेच लांब लांब राहिले असणार. फटी मोठ्या. साडेसहा हजार.

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? आठव्या महिन्यात तुम्ही पुन्हा तासभर उभं राहून नवी फिल्म ओतली असतीत. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? आणि भांडं धुतलं म्हणून कोणी वहीत लिहितं?"

"काका, ते भांडं नाही."

"मग काय आहे?"

त्यांच्या दृष्टीने फिल्म म्हणजे वस्तू. धुतली तरी वस्तू तीच. घटकाभरापूर्वीपर्यंत मीही तसंच समजत होते की.

"सगळ्यांच्याच धुता?"

"छे. ज्या मळक्या असतील त्या."

"मॅडमच्या?"

"मॅडम तेव्हा मॅडम नव्हत्या," काका म्हणाले. "नखं वाढवायच्या. त्यांच्या तर कायम धुवायला लागायच्या."

परत जाताना जिन्यात मी दोनदा थांबले. आत्तापर्यंत तीन आकड्यांचा गोंधळ होता. आता मॅडमच्या पहिल्या फिल्मपासूनच्या पंधरा वर्षांच्या आकड्यांचा झाला. कुठले धुतलेले, कुठले न धुतलेले, ते काकांच्या नजरेला त्या दिवशी काय मळकं वाटलं त्यावर. मॅडमना हे सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं तर माझा बुधवार सिद्ध कसा करायचा?

आधी फिल्म. आडात असेल तरच पोहऱ्यात येणार. नव्या फिल्मची एक चकती कापली, मिथेनॉलमध्ये टाकली, आणि या वेळी वहीत वेळ लिहिली. मंगळवारी दुपारी काढून व्हॅक्यूममध्ये ठेवली. बुधवारी सकाळी लावली. दाबाची रेघ पडद्यावर चढत होती आणि मी टेबलाची कड धरून उभी होते. दुपारी दोन वाजता आकडा आला. सहा हजार तीनशे. मिथेन बाराव्या हिश्शावर.

मी तो कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्यांच्या पडद्यावर ती ओळ टाइप केलेली होती, मला दारातूनच दिसली. मी सोनोग्राफीचा कागद आधी ठेवला, मग वही, मग आकडा.

त्यांनी सगळं वाचलं. "मिथेनॉलमध्ये कोणी टाकली?"

"चिमटेकाकांनी. माझ्या बोटाचा डाग होता. मला पुन्हा उभं राहायला लागू नये म्हणून सांगितलं नाही."

"तुझीच फक्त?"

मी वहीची पानं सारखी केली. मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"माझ्या नखांचं बोलले का ते?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

"हं." त्यांनी चष्मा परत लावला. "पहिल्या वर्षी माझा एक आकडा कुणालाच परत मिळेना. आम्ही तेव्हा हवेच्या दमटपणाला दोष दिला होता. लेख छापून आला दमटपणावर." मग ती ओळ पुसताना कीबोर्डच्या कळीचा आवाज मला आला, एकेक अक्षर मागे जाताना. "म्हणजे साडेसहा हजार खरे?"

"खरे आहेत," मी म्हणाले, आणि तेवढ्यावर थांबले असते तर सुखाने घरी गेले असते. "पण आज खरे आहेत. उद्या सकाळी मी तीच चकती पुन्हा मोजणार आहे."

"का?"

"हँगर बसायला लागतील म्हणून. म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या."

गुरुवारी सकाळी तीच चकती पाच हजार नऊशे होती. हातसुद्धा लावला नव्हता तिला. मी आकडा दोनदा वाचला. माझी स्मरणशक्ती ठीक होती, माझे हात ठीक होते, यंत्र ठीक होतं, आणि तरीही कालची गोष्ट आज तशी नव्हती. याच्यावर खूश व्हायचं की नाही ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

अकरा वाजता प्लांटवाले आले. दोघे इंजिनिअर, एक बोलणारा आणि एक टिपून घेणारा. मॅडमनी त्यांच्यापुढे नवा कागद ठेवला. त्यावर आता पाच आकडे होते आणि प्रत्येकासमोर फिल्मला काय केलं आणि तिचं वय किती. बोलणाऱ्याने तो वरून खाली वाचला, मग खालून वर.

"म्हणजे आम्ही आज बसवली तर सहा हजार?"

"धुऊन बसवली तर," मॅडम म्हणाल्या.

"आणि वर्षभराने?"

मॅडम खुर्ची जराशी माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "यांना विचारा. आकडे यांचे आहेत."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. टिपून घेणाऱ्याने पेन उचललं. माझ्या डोक्यात आठ उत्तरं आली आणि आठही अर्धी. गाळणी म्हणून पुढे पुढे ती चांगली होईल, पण वाट कमी देईल. पुन्हा धुतली तर पुन्हा उघडेल बहुतेक. किती वेळा उघडेल ते कोणी बघितलेलं नाही. उघडता उघडता फाटेल का, तेही नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"अंदाजे?"

"अंदाजही नाही. हा सोळाशेचा तुकडा सात महिन्यांचा आहे. पण तो धुतलेला होता की नव्हता, ते मला सांगता येत नाही. मी त्या दिवशी इथे नव्हते." मी कागद माझ्याकडे ओढला. "कळायला वर्ष लागेल. थांबाल?"

बोलणारा न बोलणाऱ्याकडे बघू लागला. न बोलणारा लिहीत होता. "'माहीत नाही' असंच लिहू?" त्याने विचारलं.

"तसंच लिहा," मी म्हणाले. "खाली माझं नाव घाला."